न्यायालयातील दुभाषी

आपल्यावरचा खटला आपल्यालाच समजू नये, याहून मोठा अन्याय कोणता? महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. परंतु नंदुरबारकडील पावरी, मेळघाटातील कोरकू किंवा गडचिरोलीतील माडिया बोलणाऱ्या कित्येकांना ती परकीच वाटते. अशा माणसाचे म्हणणे न्यायासनापर्यंत पोहोचते ते दुभाष्याच्या तोंडून.

कायद्याने ही अडचण ओळखली आहे. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील तरतुदी 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहेत. आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष झाली, तर ती त्याला समजणाऱ्या भाषेत खुल्या न्यायालयात सांगितली पाहिजे. आणि दुभाष्याने खरे तेच भाषांतर केले पाहिजे. 1969 च्या शपथ अधिनियमात साक्षीदाराप्रमाणे दुभाष्यालाही शपथ सांगितली आहे. मात्र दुभाष्याची पात्रता काय असावी, हे या तरतुदी सांगत नाहीत. शपथेने प्रामाणिकपणाची हमी मिळते, भाषाज्ञानाची नव्हे!

दोन भाषा येणे म्हणजे दुभाषी होणे नव्हे. मराठीचेच पाहा. ‘त्याने मारले’ म्हणजे फटका दिला की जीव घेतला? इंग्रजीत त्यातला एकच अर्थ निवडावा लागतो. ‘आम्ही गेलो’ आणि ‘आपण गेलो’ यांतही भेद आहे; दुसऱ्यात ऐकणाराही सामील असतो. हिंदीत दोन्हींचे ‘हम गए’ होते आणि कोण बरोबर होते, हेच पुसले जाते.

आमच्या घरी पावरी बोलतात. महाविद्यालयात आलेला घरातला मी पहिलाच. म्हणून तलाठ्याकडे, दवाखान्यात वडीलधाऱ्यांचे बोलणे मराठीत सांगण्याचे काम माझ्याकडे येते. तेथे शब्द अडला तर थांबता येते, अर्थ सोपा करून सांगता येतो. उलटतपासणीत असे चालत नाही. साक्षीदार अडखळला, तर ते अडखळणेही तसेच पोहोचले पाहिजे. दुभाष्याने वाक्य सावरून दिले की साक्षच बदलते.

अमेरिकेने 1978 साली कायदा करून संघीय न्यायालयांसाठी प्रमाणित दुभाष्यांची पद्धत सुरू केली. आपल्याकडेही बोली जाणणाऱ्या पदवीधरांना प्रशिक्षण द्यावे, त्यांची परीक्षा घ्यावी, जिल्हावार यादी करावी आणि योग्य मानधन द्यावे. दुभाषी कोणत्याही पक्षाचा आप्त नसावा. न्यायाधीश आणि वकील यांच्यासाठी पात्रता लागते. मग ज्याच्या शब्दांवर दोघेही विसंबतात, त्याच्यासाठी ती का नसावी?

— द्वितीय वर्ष, कला