दिल्लीतील ईशान्य भारतीयांना आधार कोणाचा?

ईशान्येकडील आठ राज्यांतून शिक्षण व रोजगारासाठी दिल्लीत येणाऱ्या तरुणांची संख्या गेल्या काही दशकांत सातत्याने वाढली आहे. मुनिरका, हुमायूंपूर, विजय नगर आदी भागांत त्यांची वस्ती आहे. चेहरेपट्टी, भाषा व आहारावरून होणारी हेटाळणी, घर भाड्याने देण्यास नकार आणि पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवताना येणारे अडथळे या त्यांच्या जुन्या व्यथा आहेत. त्यांवर उपाय म्हणून प्रथम या समाजाने आणि नंतर शासनाने यंत्रणा उभारल्या.

समाजाचा पुढाकार

दिल्ली पोलिसांनी २००७ मध्ये ईशान्येतील विद्यार्थ्यांसाठी एक पुस्तिका काढली. तीत पेहरावाविषयी, तसेच उग्र वासाचे पदार्थ शिजवताना शेजाऱ्यांना त्रास न होऊ देण्याविषयी सूचना होत्या. सुरक्षेची जबाबदारी पीडितांवरच टाकली जात असल्याची टीका तिच्यावर झाली. त्याच वर्षी ईशान्येतील कार्यकर्त्यांनी ‘नॉर्थ ईस्ट सपोर्ट सेंटर अँड हेल्पलाइन’ सुरू केली. तक्रारदारासोबत पोलीस ठाण्यात जाणे, वकिलाची गाठ घालून देणे आणि प्रकरणाचा पाठपुरावा करणे, असे या कामाचे स्वरूप आहे. मणिपूर, नागालँड, अरुणाचल आदी राज्यांच्या दिल्लीतील विद्यार्थी संघटनाही असेच साहाय्य करतात.

सोबतीची ही गरज भाषेपुरती मर्यादित नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच प्राथमिकी नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. हद्दीचा प्रश्न असल्यास ‘शून्य प्राथमिकी’ही नोंदवता येते. परंतु हा अधिकार ठाऊक नसलेला नवखा विद्यार्थी अनेकदा रिकाम्या हाताने परततो.

बेझबरुआ समिती

अरुणाचल प्रदेशातील विद्यार्थी निडो तानिया यांना २९ जानेवारी २०१४ रोजी लाजपत नगरमध्ये केशरचनेवरून हिणवण्यात आले व नंतर मारहाण झाली. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. देशभर उमटलेल्या प्रतिक्रियांनंतर केंद्र सरकारने एम. पी. बेझबरुआ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने जुलै २०१४ मध्ये अहवाल सादर केला. त्याच वर्षी दिल्ली पोलिसांचे विशेष पथक व १०९३ हा मदत क्रमांक कार्यान्वित झाला. मोफत कायदेशीर साहाय्यासाठी वकिलांची स्वतंत्र नामिकाही तयार करण्यात आली. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देखरेख समिती स्थापन करण्याचे निर्देश दिले.

कायद्यातील उणीव

वांशिक अवहेलना हा स्वतंत्र गुन्हा ठरवण्यासाठी भारतीय दंड संहितेत नवी कलमे घालावीत, ही समितीची प्रमुख शिफारस होती. ती कलमे समाविष्ट झाली नाहीत आणि १ जुलै २०२४ पासून ती संहिताच इतिहासजमा झाली. पीडित व्यक्ती अनुसूचित जमातीची असल्यास १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा आधार घेता येतो. मात्र मणिपुरातील मैतेई समाजाचा अनुसूचित जमातींत समावेश नसल्याने सर्वांना हे संरक्षण लाभत नाही.

ही उणीव केवळ कागदावरची नाही. मार्च २०२० मध्ये, कोरोना साथीच्या प्रारंभी, विजय नगरमध्ये मणिपूरच्या एका तरुणीला ‘कोरोना’ म्हणून हिणवून तिच्या अंगावर थुंकण्यात आले. त्या सुमारास केंद्रीय गृह मंत्रालयाला अशा प्रकारांबाबत राज्यांना सूचना द्याव्या लागल्या. हेटाळणीलाच गुन्हा मानणारे कलम येईपर्यंत, पोलीस ठाण्यापर्यंत सोबत येणारा स्वयंसेवक हाच अनेकांचा पहिला आधार राहणार आहे.