पागेतला हौद

६ मे २०२२. सकाळचे दहा वाजले आणि कोल्हापूर शंभर सेकंद जागच्या जागी उभं राहिलं. राजर्षी शाहू महाराजांना जाऊन शंभर वर्षं झाली होती. मी शिरोलीच्या रस्त्याला एका चहाच्या गाड्यापाशी होतो. गाडेवाल्यानं स्टोव्ह बारीक केला, फडक्याला हात पुसले आणि मान खाली घालून उभा राहिला. शेजारी मोटारसायकलवरचा पोरगा एक पाय जमिनीवर टेकून हेल्मेट काढून थांबला. फाउंड्रीत चौतीस वर्षं काढून मी नुकताच घरी बसलो होतो. त्यातली बावीस वर्षं सुपरवायझर म्हणून गेली. डोळे मिटले तेव्हा मला पुढ्यात दिसला तो पागेतला पाण्याचा हौद.

तो हौद मी पाहिलेला नाही. त्याची गोष्ट मी लहानपणी वडिलांकडून ऐकली. ती पुढं सांगतोच.

राजा म्हणून महाराजांवर पुष्कळ लिहिलं गेलंय. धनंजय कीरांनी चरित्र लिहिलं, डॉ. जयसिंगराव पवारांनी तर उभं आयुष्य या एका माणसाच्या अभ्यासाला दिलं. त्यांत मी काय भर घालणार? पण ज्याच्या हाताखाली दहा-पंधरा माणसं राबली आहेत, त्याला महाराज आणखी एका नात्यानं जवळचे वाटतात. ते एका मोठ्या आस्थापनेचे साहेब होते. कारकून, मामलेदार, डॉक्टर, मास्तर, माहूत, मोतद्दार अशी हजारो माणसं त्यांच्या पगारावर होती. ती माणसं त्यांनी अठ्ठावीस वर्षं कशी वागवली, आणि वागवता वागवता स्वतः कसे बदलत गेले, तेवढंच मला मागं वळून पाहायचंय.

२ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी कारभार हाती घेतला तेव्हा वयाची वीस वर्षंही पुरी झालेली नव्हती. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ साली दत्तक येऊन शाहू महाराज झाले, राजकोटला आणि धारवाडला शिकले, शिक्षक फ्रेझरसाहेबांच्या हाताखाली तयार झाले. गादी मिळाली, आणि गादीबरोबर नोकरवर्गही मिळाला. नव्या साहेबाचं हेच असतं. पहिल्या दिवशी समोर उभी असतात ती आपण न निवडलेली माणसं. दरबारच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. कारकुनी पेशाच्या ५०० जागांपैकी ब्राह्मणेतरांकडे होत्या फक्त १०. खेड्यातला कुणबी अर्ज घेऊन कचेरीत आला तर त्याची बोली समजणारं, त्याच्या घरासारख्या घरातून आलेलं माणूस त्याला तिथं भेटणं जवळजवळ अशक्य होतं. १८९५ साली महाराजांनी भास्करराव जाधवांना नोकरीत घेतलं. मराठा समाजातला इतका शिकलेला माणूस दरबारात मोठ्या हुद्द्यावर आला, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

लगेच १८९६-९७ चा दुष्काळ आला आणि त्याच्या पाठोपाठ प्लेग. तरणा राजा घोड्यावरून गावोगाव फिरला. तगाई दिली, स्वस्त धान्याची दुकानं उघडली, रस्त्यांची आणि विहिरींची कामं काढली. या सगळ्यात एक गोष्ट मला फार मोठी वाटते. दुष्काळी कामावर खडी फोडायला आलेल्या बायांच्या तान्ह्या पोरांसाठी त्यांनी सांभाळगृहं काढली. आमच्या औद्योगिक वसाहतीत शंभर वर्षांनंतरही किती कारखान्यांत पाळणाघर आहे, ते मोजायला एका हाताची बोटं पुरतील.

तरीही १८९९ पर्यंतचे शाहू महाराज म्हणजे एक चांगला, कनवाळू राजा, असंच मी म्हणेन. वरून खाली पाहणारा. माया होती, पण ती देणाऱ्याची होती. त्यात खरा फरक पडला तो पंचगंगेच्या घाटावर.

कार्तिकस्नानाचे दिवस होते. महाराजांबरोबर मुंबईचे राजारामशास्त्री भागवत होते. भटजी मंत्र म्हणत होते ते वेदोक्त नव्हते, पुराणोक्त होते. म्हणजे धर्माच्या हिशेबात छत्रपती शूद्र ठरत होते. हे कानावर येऊनही एरवी कुणी बोललं नसतं. शास्त्रीबुवांनी ते महाराजांच्या लक्षात आणून दिलं. ते स्वतः ब्राह्मण होते, हे मी मुद्दाम सांगतो. पुढं भटजी अंघोळही न करता आलेले आहेत, हेही उघड झालं. पुराणोक्त मंत्राला अंघोळीची गरज नसते, असं त्यांचं म्हणणं. स्वतःच्या राज्यात, स्वतःच्या पगारी माणसानं, स्वतःच्या तोंडावर केलेला हा अपमान होता.

साहेबाचा असा पाणउतारा झाला की तो काय करतो, हे आपण रोज पाहतो. वरचा मॅनेजर त्याला झापतो, तो फोरमनला झापतो, फोरमन मिस्त्रीला, मिस्त्री हेल्परला. आणि हेल्पर घरी जाऊन बायकोला. महाराजांनीही आपला हक्क सोडला नाही. राजोपाध्यांचं वतन जप्त केलं, प्रकरण इंग्रज सरकारपर्यंत गेलं, तिथंही ते मागं हटले नाहीत. पण तेवढ्यावर गोष्ट संपली असती तर वेदोक्त म्हणजे एका राजाचं मानपानाचं भांडण उरलं असतं. महाराजांना त्या घाटावर जे लागलं, ते आपल्या राज्यातल्या लाखोंना जन्मभर लागतंय, इथपर्यंत ते पोचले. एका दिवसात पोचले नाहीत. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. आधी स्वतःच्या क्षत्रियत्वाचा प्रश्न, मग मागासलेल्या जातींचा, मग अस्पृश्यांचा, आणि सर्वांत शेवटी स्वतःच्या घरातला. माणूस स्वतःला ओळखत जातो तो असाच, पायरी पायरीनं.

१९०२ साली महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेत होते. २६ जुलैच्या करवीर गॅझेटमध्ये त्यांचा हुकूम छापून आला. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी. हा हुकूम शाळेत सगळ्यांना शिकवला जातो, पण त्यातली दोन कलमं मला सुपरवायझर म्हणून विशेष वाटतात. एक म्हणजे हुकूम पुढं भरायच्या जागांना लागू होता. कामावर असलेल्या कुणाच्या ताटातली भाकरी त्यानं काढून घेतली नाही. आणि दुसरं म्हणजे प्रत्येक खातेप्रमुखानं दर तिमाहीला नेमणुकांचा तक्ता पाठवायचा होता. ज्यानं कचेरी चालवली आहे त्यालाच या तक्त्याची किंमत कळेल. चांगला विचार भाषणात राहतो. तक्ता मागितला की खातेप्रमुखाला उत्तर द्यावं लागतं. १९१२ पर्यंत ९५ अधिकाऱ्यांपैकी ब्राह्मण ३५ उरले होते.

मधल्या काळातली वसतिगृहं, शाहू मिल, राधानगरीचं धरण, खासबागेचा आखाडा, १९१७ चं सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण यांबद्दल कोल्हापूरकराला नव्यानं सांगायला नको. मी हौदाकडे वळतो.

गंगाराम कांबळे जातीनं महार, महाराजांच्या पागेत नोकरीला होते. पागेत पाण्याचा एक हौद होता, तो मराठा नोकरांचा. महाराज दिल्लीला गेलेले असताना गंगारामांनी त्या हौदाचं पाणी घेतलं, आणि बरोबरच्या नोकरांनी त्यांना बेदम मारलं. महाराज परतल्यावर गंगाराम त्यांच्याकडे सोनतळीच्या मुक्कामी गेले आणि पाठ उघडी करून दाखवली. महाराज संतापले. मारणाऱ्यांना त्यांनी स्वतः चाबकानं फोडलं, असं सांगतात.

वेदोक्ताला तेव्हा बरीच वर्षं लोटली होती. मिस क्लार्क वसतिगृह १९०८ पासून अस्पृश्य मुलांसाठी चालू होतं. राज्यभर हुकूम निघत होते. आणि खुद्द महाराजांच्या पागेत, त्यांच्या पगारावरच्या, त्यांच्याच जातीच्या माणसांनी हौद वाटून घेतलेला होता. महाराज रोज पागेत जात असणार, घोड्यांच्या अंगावरून हात फिरवत असणार. वडील ही गोष्ट सांगताना चाबकापाशी थांबायचे. आम्हा पोरांना चाबूकच आवडायचा. आज मला वाटतं, चाबूक हा या गोष्टीतला सर्वांत कमी मोलाचा भाग आहे. रागाच्या भरात कुणीही हात उचलेल. त्याच्या नंतर महाराजांनी जे केलं त्याला मन लागतं.

गंगारामांना त्यांनी नोकरीतून मोकळं केलं आणि स्वतंत्र धंदा काढायला पैसे दिले. भाऊसिंगजी रस्त्यावर गंगारामांचं चहाचं हॉटेल उभं राहिलं, नाव 'सत्यसुधारक'. महाराचा चहा प्यायला कोण येणार? मग महाराजांची घोडागाडी, त्यांचा खडखडा, त्या हॉटेलासमोर थांबू लागला. ते स्वतः चहा घ्यायचे आणि गाडीतल्या थोरामोठ्यांनाही पाजायचे. छत्रपतींच्या शेजारी बसून कप नाकारायची छाती कुणाची होती? भर रस्त्यात, लोकांच्या देखत, पुन्हा पुन्हा हे घडलं.

१९१८ च्या जूनमध्ये धाकटे राजपुत्र शिवाजी शिकारीच्या अपघातात गेले. महाराज आतून मोडले होते. त्या दुःखात त्यांनी कोवळ्या वयाच्या विधवा सुनेच्या, इंदुमतीदेवींच्या, शिक्षणाची सोय केली. त्याच वर्षी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची रोजची हजेरी त्यांनी बंद केली. त्यांतल्या फासेपारध्यांना त्यांनी आपल्या पहाऱ्यावर विश्वासानं ठेवलं होतं. कुलकर्णी वतनं आणि महार वतनं याच वर्षी गेली. आणि १९१९ च्या जानेवारीत तो हुकूम निघाला, जो प्रत्येक कारखान्याच्या आणि कचेरीच्या दाराशी लावावा असं मला वाटतं. सरकारी नोकरीत आलेल्या अस्पृश्यांना सर्व अधिकाऱ्यांनी ममतेनं आणि बरोबरीच्या नात्यानं वागवावं. ज्या अधिकाऱ्याला हे मान्य नसेल त्यानं हुकूम मिळाल्यापासून सहा आठवड्यांत तसं कळवून राजीनामा द्यावा. त्याला पेन्शन मिळणार नाही.

ममता हा शब्द आणि पेन्शन हा शब्द एकाच हुकुमात. नोकरी दिली की काम झालं, असं महाराजांना वाटलं नाही. त्या नोकरीवर रोज आठ-दहा तास शेजारचा माणूस कसा वागतो, यावर जगणं ठरतं, हे त्यांना ठाऊक होतं. ते त्यांना पागेत कळलं होतं.

आता माझ्या हौदाबद्दल. आमच्या फाउंड्रीत मशीन शॉपच्या दाराशी थंड पाण्याचा कूलर होता. फेटलिंगला ठेकेदाराची माणसं असत, कास्टिंगवरची वाळू आणि कड ग्राइंडरनं काढायचं काम. दिवसभर धूळ नाकातोंडात. एका एप्रिलमध्ये त्यांतला एक पोरगा चक्कर येऊन पडला. मी धावलो, त्याला सावलीत घेतलं आणि ओरडलो, "पाणी का पीत नाही रे वेळेवर? कूलर कशाला आहे?" त्याच्याबरोबरचा म्हातारा शांतपणे म्हणाला, "त्यो कूलर कंपनीच्या माणसांचा हाय साहेब. आमी मागच्या टाकीच्या नळाचं पितो." तशी पाटी कुणी लावली नव्हती. तसा नियम नव्हता. तेव्हा मला सुपरवायझर होऊन अकरा वर्षं झाली होती. मी रोज त्या कूलरवर पाणी पीत होतो.

त्या रात्री मला वडिलांची गोष्ट आठवली आणि झोप लागली नाही. मी कुणाला शिवी दिली नव्हती, कुणाची रजा अडवली नव्हती. लोक मला चांगला साहेब म्हणत. आणि माझ्या शॉपमध्ये हौद होता. दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, सगळ्यांनी कूलरचं पाणी प्यायचं. आठवडाभर कुणी आलं नाही. कायम कामगार त्यांच्याकडे टक लावून पाहत. मग सुट्टीची बेल झाली की मी स्वतः फेटलिंगला जायचो आणि त्या म्हाताऱ्याला बरोबर घेऊन कूलरशी उभा राहायचो. त्याच्या नंतर त्याच ग्लासानं मी प्यायचो. तीन आठवडे लागले. कायम कामगारांपैकी दोघं माझ्याशी बरेच महिने बोलले नाहीत. नोटीस बोर्डावर लेखी सूचना लागायला त्याहून जास्त वेळ गेला, पण ती लागेपर्यंत मी सोडलं नाही. मी गेल्यावर नुसत्या माझ्या चांगुलपणावर तो कूलर उघडा राहिला नसता.

हाताखाली माणसं असलेल्या प्रत्येकाला माझी एवढीच विनंती आहे. उद्या कामावर गेलात की तुमची माणसं पाणी कुठं पितात, जेवायला कुठं बसतात, ते स्वतः चालत जाऊन पाहा. कुणाला विचारू नका. विचारलं तर सगळं ठीक आहे असंच सांगतील.

पुन्हा महाराजांकडे येतो. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेला महाराज गेले ते अस्पृश्य समाजाला त्यांचा पुढारी मिळाला आहे, हे सांगायला. समोर तिशीच्या आतले बाबासाहेब आंबेडकर बसले होते. आपल्या पश्चात कुणाच्या मागं जायचं, हे छत्रपतीनं प्रजेला स्वतः सांगितलं, आणि ते नाव राजघराण्यातलं नव्हतं. त्याच साली जानेवारीत निघालेल्या 'मूकनायक'ला त्यांनी अडीच हजार रुपये दिले होते.

६ मे १९२२ रोजी मुंबईत खेतवाडीतल्या पन्हाळा लॉजवर महाराज गेले. वय सत्तेचाळीस. त्यांचं पहिलं स्मारक कोल्हापुरात उभं राहिलं ते गंगाराम कांबळे यांच्या पुढाकारानं.