पथ्य का पाळले जात नाही?

रुग्ण पथ्य पाळत नाही, ही आपणा सर्व वैद्यांची नित्याची तक्रार आहे. औषधयोजना योग्य असूनही उपशय मिळाला नाही, की केसपेपरवर 'अपथ्यकारी' असा शेरा मारून आपण मोकळे होतो. अपथ्य का घडले, याचा शोध मात्र क्वचितच घेतला जातो.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील पहिल्या अध्यायात आठ आहारविधिविशेषायतने सांगितली आहेत : प्रकृति, करण, संयोग, राशि, देश, काल, उपयोगसंस्था व उपयोक्ता. पहिली चार मुख्यत्वे अन्नाशी, तर उरलेली चार परिस्थितीशी व भोक्त्याशी निगडित आहेत. आपली छापील पथ्यपत्रके बहुधा पहिल्या चारांपाशीच थांबतात. पुढील अध्यायात तर चिंता, शोक, भय, क्रोध व प्रजागर असताना मात्रेत घेतलेले पथ्यकर अन्नही पचत नाही, असे स्पष्ट सांगितले आहे.

आधुनिक संशोधनही याच दिशेने बोट दाखविते. २००४ साली शिकागो येथे १२ निरोगी तरुणांना दोन रात्री केवळ चार तास झोपू दिले असता तृप्ती देणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले आणि भूक वाढविणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले. गोड, खारट व पिष्टमय पदार्थांची इच्छाही वाढली. २००२ साली अमेरिकेतच झालेल्या अन्य एका अभ्यासात ५०० ग्रॅमऐवजी १००० ग्रॅम अन्न पुढे ठेवल्यावर ऊर्जासेवन सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. अर्थात राशि केवळ भूक ठरवीत नाही. समोरचे ताटही ठरविते.

अम्लपित्ताचे एक रुग्ण आमच्याकडे येत असत. दोनदा औषधाची मात्रा वाढवूनही उपशय नव्हता. आम्हीही 'अपथ्यकारी' लिहून चुकलो होतो. पुढे सविस्तर विचारपूस केली तेव्हा कळले, की गृहस्थ घरी पथ्य कसोशीने पाळत. परंतु रात्रपाळीत पहाटे तीन वाजता कँटीनमध्ये भजी व चहा यांखेरीज काहीच मिळत नसे. दोष रुग्णाच्या निग्रहाचा नव्हता, आमच्या प्रश्नांचा होता. मात्रा पूर्ववत करून डब्यात साळीच्या लाह्या व मनुका नेण्यास सांगितले, दिवसाच्या झोपेची वेळ बसवून दिली. दोन महिन्यांत जळजळ बरीच उणावली.

म्हणून 'काय खाता?' यासोबत कोठे, केव्हा, कोणासमवेत आणि कोणत्या मनःस्थितीत खाता, हे चार प्रश्न केसपेपरवर छापून घ्यावेत, असे आम्ही सुचवितो. औषधविक्रेत्या बंधूंनीही वारंवार पाचक चूर्ण नेणाऱ्या ग्राहकास झोप व जेवणाची वेळ विचारावी आणि गरज भासल्यास वैद्याकडे पाठवावे. ज्याचे कारण कँटीनमध्ये किंवा काळजीत आहे, त्या व्याधीवर केवळ चूर्णाची मात्रा वाढवीत राहणे ही चिकित्सा नव्हे.