रिकाम्या डब्यांसाठी राजवाडे

ॲक्टनच्या भांडारात पोस्टरं भिंतीवर नसतात, खणांत असतात. लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियमचं हे गोदाम. जुन्या बस, रेल्वेचे डबे, स्टेशनांच्या पाट्या असा सगळा संसार इथे मांडून ठेवलाय, आणि एका बाजूला नकाशांसाठी असतात तशी रुंद, उथळ खणांची कपाटं. संग्रहातली पोस्टरं पाच हजारांवर आहेत. खण ओढला की हॅम्प्टन कोर्ट, विंडसर, क्यू, टॉवर ऑफ लंडन असे राजवाडे आणि किल्ले एकाखाली एक निघत जातात. बहुतेकांचं माप एकच, उंची चाळीस इंच आणि रुंदी पंचवीस. स्टेशनवरची जागा ठरलेली, तेव्हा चित्रकार कितीही मोठा असला तरी राजवाडा त्याच मापात बसवायचा.

राजवाडे असे भिंतीवर आणणारा माणूस म्हणजे फ्रँक पिक. शिक्षण वकिलीचं. १९०६ साली तो लंडनच्या भुयारी रेल्वेच्या कंपनीत आला आणि १९०८ साली जाहिरातीचं काम त्याच्याकडे आलं. त्या वेळी स्टेशनांवर साबण, मोहरी, कोको यांच्या जाहिरातींची अशी खिचडी असे की उतरणाऱ्याला स्टेशनचं नाव सापडू नये. पिकने जाहिरातींना आखून जागा दिल्या आणि दारापाशी, प्रवासी आत शिरतानाच दिसेल अशी जागा कंपनीच्या स्वतःच्या पोस्टरांसाठी राखली.

त्याची अडचण अगदी हिशेबातली होती. सकाळ-संध्याकाळ पाय ठेवायला जागा नाही आणि दुपारी, रविवारी डबे रिकामे. गाडी भरून धावो की रिकामी, वीज आणि पगार थोडेच कमी होतात? कामावर जाणारा तर पोस्टर नसलं तरी जाणारच. गाठायचा होता तो रविवारी घरात बसणारा माणूस.

हॅम्प्टन कोर्ट त्यासाठी आयतंच हाताशी होतं. कार्डिनल वूल्झीने बांधायला घेतलेला आणि पुढे आठव्या हेन्रीने आपलासा केलेला थेम्सकाठचा हा लाल विटांचा राजवाडा व्हिक्टोरिया राणीने १८३८ साली लोकांना खुला केला, तोही फुकट. रेल्वे १८४९ मध्ये आली, पण कामगार वस्त्यांतून तिथवर स्वस्तात नेलं ते १९०३ साली पोचलेल्या विजेच्या ट्रामने. आत बघायला काय? हेन्रीचा दरबारी हॉल, झुडपांचा भुलभुलैया आणि १७६८ साली लावलेला द्राक्षाचा वेल, जो अजूनही फळतो. मुलाबाळांसकट अख्खा दिवस निघतो.

या पोस्टरांत मला सगळ्यात हुशारीची वाटते ती गोष्ट म्हणजे वाहन पुष्कळदा दिसतच नाही. महाद्वार दिसतं, धुराडी दिसतात, झाडं दिसतात आणि तळाशी ओळभर मजकूर, ‘ट्रामने’. एडवर्ड मॅकनाइट कॉफरने १९२२ साली लंडन म्युझियमसाठी पोस्टर केलं. सेंट जेम्स राजवाड्यालगतच्या लँकेस्टर हाउसमध्ये तेव्हा ते संग्रहालय होतं. कॉफरने ना ती इमारत काढली ना काचेची कपाटं. १६६६ च्या लंडनच्या आगीच्या ज्वाळा तेवढ्या कागदभर उसळवल्या. आजच्या एखाद्या पर्यटन खात्याने त्यावर आधी मंत्र्यांचा फोटो कुठे बसवायचा ते विचारलं असतं.

भिंग लावून बघितलं की राजवाडा नाहीसा होतो आणि छापखाना दिसू लागतो. आजच्या छपाईतले एकसारखे ठिपके इथे नाहीत. खडूची खरखर आहे, कमी-जास्त दाबाची. हिरवळ म्हणून जी दिसते ती पिवळ्यावर चढलेली निळी शाई. एखाद्या धुराड्याच्या कडेला केसाएवढी पांढरी फट, म्हणजे तिथे लाल रंग छापणारा पत्रा जरासा सरकला होता. मला ती फट फार आवडते.

ही शिळाछपाई. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, या एका गोष्टीवर सगळा कारभार. चुनखडीच्या सपाट शिळेवर किंवा जस्ताच्या पत्र्यावर मेणकट खडूने चित्र काढायचं, त्यावर डिंक आणि सौम्य आम्ल फिरवायचं, मग पृष्ठभाग ओला करून शाईचा रोलर चालवायचा. खडूची रेघ शाई धरते, ओली जागा ती झिडकारते. एका रंगाला एक शिळा, म्हणजे सहा रंगांना सहा. चित्रकार बहुतेक वेळा नुसतं रंगवलेलं चित्र द्यायचा. त्यातला पिवळा किती, निळा किती हे नजरेने वेगळं करून प्रत्येक शिळा रेखाटणारा कारागीर निराळा. थेट शिळेवरून छापायचं तर अक्षरांसकट सगळं उलटं काढायचं. कागद दमट हवेत जरा ताणला गेला की पुढचा रंग जागेवर बसत नाही. थॉमस ग्रिफिट्स हा या कामातला नामांकित माणूस. चित्रकारांनी स्वतः शिळेवर काढावं म्हणून तो त्यांच्या मागे लागायचा. बाकीच्यांची नावं पोस्टरवर येत नाहीत. कोपऱ्यात सही चित्रकाराची, तळाशी बारीक अक्षरांत नाव छापखान्याचं.

आपल्याकडे मुंबईत १८९४ साली सुरू झालेल्या आणि पुढे मळवलीला गेलेल्या रविवर्मा प्रेसची लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं याच तंत्राने निघाली. तिथेही शिळेवर काम करणाऱ्यांची नावं कुणाच्या लक्षात नाहीत.

एक तक्रार मात्र नोंदवायला हवी. मी पाहिलेल्या बऱ्याच चित्रांत राजवाडा शांत, जवळजवळ निर्मनुष्य आहे. प्रत्यक्षात सुटीच्या दिवशी हॅम्प्टन कोर्टच्या ट्राम खचाखच भरत. एकांत दाखवून गर्दी जमवायची, हा जाहिरातीचा धंदा तेव्हाही होताच. तरी पिकला त्याचं श्रेय द्यायला हवं. ट्रामच्या तिकिटाएवढी ऐपत असलेल्या माणसालाही उत्तम चित्र बघण्याचा हक्क आहे, असं मानून त्याने कामं दिली.

भिंतीवर डकवलेली पोस्टरं काही आठवड्यांत नव्या पोस्टरांखाली गेली. आज आहेत त्या न डकवलेल्या, जपून ठेवलेल्या प्रती. हॅम्प्टन कोर्टची ट्राम १९३५ साली बंद होऊन ट्रॉलीबस आली, पुढे तीही गेली. राजवाड्याचं तिकीटही आता चांगलंच महाग आहे. पोस्टरं बघायची असतील तर कोव्हेंट गार्डनच्या मुख्य संग्रहालयात त्यांच्यासाठी वेगळं दालन आहे. ॲक्टनचं भांडार वर्षातल्या ठरावीक दिवशीच उघडतं, तेव्हा तारखा आधी बघून घ्या. हीथ्रोहून शहरात येणारी पिकॅडिली लाइन वाटेत ॲक्टन टाउनला थांबते आणि भांडार स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.