टी-पेशींचा लिम्फोमा: गाठीपासून उपचारापर्यंत

लिम्फोमा हा लसिकापेशींचा कर्करोग. त्यातले बहुतेक बी-पेशींचे असतात, टी-पेशींचे थोडे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या 2,773 नॉन-हॉजकिन लिम्फोमांचा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. त्यात टी-पेशींचा वाटा सुमारे 16 टक्के होता. या थोड्यांतही तीसच्या आसपास प्रकार आहेत. एखादा प्रकार डॉक्टरच्या उभ्या कारकिर्दीत दोनचारदाच समोर येतो, म्हणून निदान हाच या आजाराच्या उपचारातला सर्वांत अवघड भाग ठरतो.

कोलकात्यात हुगळीकाठच्या गार्डन रीचमध्ये दक्षिण पूर्व रेल्वेचे मुख्यालय आणि तिचे केंद्रीय रुग्णालय आहे. खरगपूर, आद्रा, चक्रधरपूर, रांची हे या रेल्वेचे विभाग. इतक्या मोठ्या टापूतल्या कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या सर्वसाधारण रुग्णालयात काय किंवा जिल्ह्याच्या दवाखान्यात काय, असा रुग्ण येतो तो कर्करोगतज्ज्ञाकडे नव्हे, ओपीडीत. मानेत नाहीतर बगलेत गाठ, संध्याकाळी चढणारा ताप, रात्रीचा घाम, उतरलेले वजन. भारतात एवढ्यावर पहिला संशय टीबीचा येतो, आणि तो रास्तच आहे. बिघडते ते पुराव्याशिवाय टीबीचा कोर्स सुरू करून महिनोन्‌महिने वाट पाहिल्याने. त्याहून वाईट म्हणजे अंदाजाने दिलेले स्टेरॉइड. गाठ बसते, ताप जातो, घरचे निश्चिंत होतात. आणि गाठ पुन्हा वर आल्यावर बायोप्सी केली, तर तिच्यात ओळख पटण्याजोगे फारसे उरलेले नसते.

सुईने काढलेल्या चार पेशींवर हे निदान होत नाही. शक्य असेल तिथे गाठ अख्खी काढावी लागते, कारण पेशी कशा दिसतात याइतकेच त्या ग्रंथीत कशा मांडल्या गेल्या आहेत यालाही महत्त्व असते. काढलेली गाठ ताजी असतानाच कापतात. एक तुकडा पेशींवरच्या खुणा मोजणाऱ्या फ्लो सायटोमेट्रीला, एक टीबीच्या तपासणीला, बाकीचे पातळ काप फॉर्मलिनमध्ये. एकदा सगळे फॉर्मलिनमध्ये बुडवले की टीबीचे कल्चर आणि फ्लो दोन्ही हातचे गेले. जाड गाठ न कापता तशीच टाकली तर फॉर्मलिन आतपर्यंत मुरत नाही आणि मधला भाग खराब होतो. पुढे मेणाचा ब्लॉक, त्यातून तीन-चार मायक्रॉनचे काप, मग रंग. या साध्या वाटणाऱ्या कामात झालेली हयगय नंतर कोणत्याही महागड्या तपासणीने भरून निघत नाही.

अँजिओइम्युनोब्लास्टिक प्रकार पाहिला की पॅथॉलॉजिस्टची अडचण नीट कळते. स्लाइडवर ग्रंथीची मूळ रचना पुसलेली असते. झाडासारख्या फांद्या फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या सगळीकडे दिसतात. त्यांच्या आजूबाजूला प्लाझ्मा पेशी, इओसिनोफिल, साध्या लसिकापेशी यांची गर्दी. खऱ्या कर्कपेशी या गर्दीत थोड्याच, मध्यम आकाराच्या, फिकट पेशीद्रव्याच्या. भरीला एपस्टाइन-बार विषाणूने बाधित मोठ्या बी-पेशी असतात आणि त्या थेट हॉजकिन लिम्फोमाच्या पेशींसारख्या दिसू शकतात. नजर त्यांच्यावर खिळली तर निदान चुकते. म्हणून पेशींतली ठरावीक प्रथिने दाखवणारे आयएचसीचे रंग एकापाठोपाठ एक लावतात: सीडी3, सीडी4; मग सीडी10, बीसीएल6, पीडी-1, आयकॉस, सीएक्ससीएल13. या शेवटच्या पाचांपैकी किमान दोन उमटले, तर पेशी ‘फॉलिक्युलर हेल्पर’ जातीच्या ठरतात. सीडी21 लावल्यावर रक्तवाहिन्यांभोवती पसरलेले जाळे दिसले की निदानाला बळ येते.

बी-पेशींत प्रतिपिंडाच्या कॅप्पा किंवा लॅम्डा यांपैकी एकच साखळी दिसणे ही कर्काची सोपी खूण असते. टी-पेशींत बराच काळ तितकी सोपी खूण नव्हती. त्यांच्या ग्राहीच्या जनुकांची पीसीआर करून सगळ्या पेशी एकाच वंशाच्या आहेत का ते पाहतात. मात्र हा निकाल एकट्याने पुरत नाही, कारण विषाणूच्या संसर्गातही टी-पेशींचा एखादा वंश फोफावलेला आढळतो.

त्वचेतला मायकोसिस फंगॉइड्स हा प्रकार तर कित्येक वर्षे एक्झिमा किंवा नायटा म्हणून मलमांवर काढला जातो, आणि वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या अनेक बायोप्सींनंतर पकडला जातो.

नाव ठरले की पेट-सीटीने रोगाचा पसारा मोजतात, केमोआधी हिपॅटायटिस बी तपासतात. गाठींतल्या बहुतेक प्रकारांत दर 21 दिवसांनी ‘चॉप’ हा जुना चार औषधांचा संच दिला जातो. त्याचे फळ प्रकारागणिक बदलते. 2008 च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत पाच वर्षे जगलेल्यांचे प्रमाण एएलके-पॉझिटिव्ह अ‍ॅनाप्लास्टिक प्रकारात 70 टक्के होते, अँजिओइम्युनोब्लास्टिकमध्ये 32. ब्रेंटुक्सिमॅब हे सीडी30 या खुणेला चिकटून पेशीत विष सोडणारे औषध. 452 रुग्णांवरच्या चाचणीत चॉपमधल्या विन्क्रिस्टिनच्या जागी ते दिल्यावर रुग्ण अधिक काळ जगले, हे 2018 मध्ये दिसले. फायदा खरा आहे. किंमत मात्र बहुतेक भारतीय कुटुंबांच्या आवाक्याबाहेरची.

काही प्रकारांत चॉपवर विसंबणेच चूक. नाकातल्या एनके/टी लिम्फोमाच्या पेशी चॉपमधली काही औषधे बाहेर फेकतात. तिथे अ‍ॅस्पॅराजिनेज आणि रेडिएशन लागते. उलट त्वचेखालच्या चरबीत होणारा पॅनिक्युलायटिससारखा प्रकार बऱ्याच रुग्णांत स्टेरॉइड आणि सायक्लोस्पोरिन यांवरच आटोक्यात येतो. तिथे घाईने दिलेली केमो रुग्णाला विनाकारण सोसावी लागते.

रोग उलटला तर पुन्हा बायोप्सी करावी. अँजिओइम्युनोब्लास्टिकच्या रुग्णात नवी गाठ कधी कधी बी-पेशींच्या लिम्फोमाची निघते आणि औषधच बदलते. खरोखर तोच रोग परतला असेल, तर प्रकृती साथ देत असल्यास दात्याच्या मूळपेशींचे प्रत्यारोपण करतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या प्रयत्नांतून आलेल्या नेक्सकार19 या कार-टी उपचाराला, म्हणजे रुग्णाच्याच टी-पेशी प्रयोगशाळेत घडवून कर्कपेशींवर सोडण्याच्या उपचाराला, 2023 मध्ये मान्यता मिळाली, पण तो बी-पेशींच्या कर्करोगांसाठी आहे. टी-पेशींच्या लिम्फोमात हा मार्ग अडतो, कारण घडवलेल्या पेशी आणि कर्कपेशी यांच्या अंगावरच्या खुणा सारख्याच असतात: उपचाराच्या पेशी एकमेकींना मारतात, आणि निरोगी टी-पेशीही संपल्या तर संसर्ग आवरत नाही. सीडी5 आणि सीडी7 या खुणांवर चालू असलेल्या चाचण्या हीच अडचण सोडवू पाहत आहेत.