कूटलेखनाचें कुलूप कां उघडत नाहीं ?

मालवणच्या बंदरावरून सिंधुदुर्गाकडे पाहणाऱ्यास कुरटे बेटावरील तटाची लांबच लांब रेघ दिसते. परंतु महाद्वार कोठें आहे तें दुरून कळत नाहीं. इ. स. १६६४ मध्यें शिवाजी महाराजांनीं या किल्ल्याचा पाया घातला, तेव्हां तटाच्या वळणाआड हा दरवाजा अशा बेतानें ठेवण्यांत आला कीं, परक्या गलबतास तो सहजासहजीं सांपडूं नये. तथापि किल्ल्याचें सामर्थ्य केवळ या लपवणुकींत नव्हतें. दरवाजाचा ठाव लागला तरी भक्कम तट, खडकाळ समुद्र आणि आंतील पहारा हीं उरतच होतीं. आज प्रवाशांच्या होड्या त्या दरवाजाशीं जाऊन लागतात. गुपित उरलें नाहीं. तट मात्र उभा आहे.

गुप्तलेखनाच्या शास्त्रांत हाच विचार १८८३ सालीं ऑगस्त केर्कहॉफ्स या भाषापंडितानें स्पष्ट करून मांडला. लेखन गूढ करण्याची सारी रीत शत्रूस ठाऊक झाली तरी चालावें, गुप्त राहावयाची ती फक्त किल्ली, असें त्याचें तात्पर्य होतें. आज संगणकांत जी पद्धति सर्वांत अधिक वापरली जाते ती ‘एईएस’ नांवाची पद्धति याच तत्त्वावर उभी आहे. डेमन आणि रेमेन या दोन बेल्जियन संशोधकांनीं ती रचिली, अमेरिकेच्या मानक संस्थेनें २००१ सालीं ती प्रमाण म्हणून स्वीकारली, आणि तिचा प्रत्येक टप्पा आज कोणासही वाचावयास मिळतो. एवढेंच नव्हे, तर ती अमलांत आणणाऱ्या आज्ञावल्यांचे तयार संग्रहही फुकट मिळतात. त्यांनाच प्रोग्रॅमर लोक ‘लायब्ररी’ म्हणतात. ओपनएसएसएल हें त्यांतील एक प्रसिद्ध नांव.

यामुळें प्रोग्रॅमरला कुलूप घडवावें लागत नाहीं. उत्तम कुलूप तयार मिळतें. तें दाराला नीट बसविणें एवढेंच त्याचें काम असतें. आणि बहुतेक अडचणी उद्भवतात त्या नेमक्या येथेंच.

कल्पना करावी कीं, मालवण बंदरांतील एका मच्छीमार सहकारी संस्थेनें सभासदांचीं नांवें, कर्जाचे आंकडे आणि बँकेचे तपशील कूटलेखनानें झांकून ठेवण्याचें ठरविलें आहे. गांवांतीलच एक तरुण प्रोग्रॅम लिहीत आहे. किल्ली म्हणून त्यानें आपल्या गांवाचें नांव दिलें : ‘मालवण’. लायब्ररीनें तत्काळ एरर दाखविली : किल्लीची लांबी चुकीची आहे.

तरुणाला हें कोडें वाटतें. परंतु त्याची उकल सोपी आहे. माणूस अक्षरें मोजतो, कूटलेखनाची लायब्ररी बाइट मोजते. युनिकोडमध्यें ‘मालवण’ या शब्दांत म, काना, ल, व आणि ण अशीं पांच चिन्हें होतात. आणि नेहमींच्या यूटीएफ-८ या रीतींत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात. म्हणजे एकंदर बाइट १५. एईएसला मात्र १६, २४ किंवा ३२ बाइटांचीच किल्ली चालते. तेव्हां शेवटीं एक शून्य जोडून १५ चे १६ करावेत असा मोह होतो. तसें केल्यास एरर नाहींशी होते, प्रोग्रॅम चालूं लागतो, आणि कुलूप मात्र निकामी होतें. कारण गांवांच्या नांवांची यादी घेऊन एकेक नांव लावून पाहणें संगणकाला क्षणाचें काम आहे.

खरा उपाय असा कीं, पासवर्ड आणि किल्ली या दोन निराळ्या वस्तू समजाव्या. किल्ली लायब्ररीकडूनच यदृच्छेनें निर्माण करवावी. माणसाच्या लक्षांत राहील असा पासवर्डच वापरावयाचा असेल, तर त्यापासून किल्ली काढण्याची जी खास क्रिया लायब्ररींत असते तिच्यांतून तो न्यावा. ही क्रिया मुद्दाम सावकाश चालणारी असते, आणि पासवर्डमध्यें प्रत्येक वेळीं निराळी अशी एक यदृच्छ संख्या मिसळते. त्या संख्येला ‘सॉल्ट’, म्हणजे मीठ, असें नांव आहे. ‘महालवण’ या शब्दावरून मालवण हें नांव आलें असें एक मत सांगितलें जातें. त्या गांवीं हें तंत्र समजावयास अवघड जाऊं नये. सॉल्ट गुप्त ठेवावें लागत नाहीं. परंतु तें कूटलेखाबरोबर जपावें मात्र लागतें. तें हरवलें तर बरोबर पासवर्डापासूनही मूळची किल्ली पुन्हां निघत नाहीं.

दुसरी अडचण मराठी लिहिणाऱ्यांच्याच वांट्याला विशेष येते. एखाद्या सभासदानें ‘किनाऱ्यावर’ हा शब्द पासवर्ड म्हणून निवडला. घरच्या संगणकावर तो चालतो. मोबाइलवर तोच शब्द, तीं अक्षरें, तरी पासवर्ड चुकला असें उत्तर येतें. याचें कारण ‘ऱ्य’ या जोडाक्षरांत आहे. कांहीं कळफलक त्यासाठीं ‘ऱ’ हें स्वतंत्र चिन्ह, हलन्त आणि ‘य’ असें लिहितात. त्याचे ९ बाइट होतात. दुसरे कांहीं साधा ‘र’, हलन्त, एक अदृश्य जोडखूण आणि मग ‘य’ असें लिहितात. त्याचे १२ बाइट होतात. डोळ्यांना दोन्हीं रूपें एकच दिसतात, संगणकाला तीं सर्वस्वीं भिन्न असतात. आणि कूटलेखनांत एका बाइटाचा फरक हा पूर्ण फरक असतो. त्याहून ‘र’ खालीं नुक्ता देऊन ‘ऱ’ साधण्याची तिसरीही रीत आहे. युनिकोडनें ठरविलेली ‘एनएफसी’ नांवाची एकरूपीकरणाची क्रिया या नुक्त्याच्या रूपास स्वतंत्र ‘ऱ’ मध्यें बदलते. परंतु अदृश्य जोडखुणेच्या रूपास ती हात लावीत नाहीं. म्हणून मराठी पासवर्ड घेणाऱ्या प्रोग्रॅममध्यें एनएफसी तर करावीच, शिवाय जोडखुणेचें रूप ‘ऱ’ मध्यें बदलण्याचा नियमही स्वतः लिहावा. आणि पासवर्ड प्रथम नोंदवितांना व पुढें तपासतांना तोच नियम लावावा. एके ठिकाणीं लावून दुसरीकडे विसरणें हें न लावण्याहून वाईट.

तिसरी अडचण उलगडतांना येते. महाराष्ट्रांतील जुन्या घरांतून मुलें ‘करपल्लवी’ खेळत असत. हाताच्या मुद्रेनें वर्ग दाखवावयाचा, बोटांनीं त्या वर्गांतील अक्षर आणि चुटक्यांनीं स्वर. दाखविणाऱ्याची आणि पाहणाऱ्याची मोजणी एक असेपर्यंत सर्व सुरळीत चालतें. एकानें एक बोट अधिक धरलें कीं शब्दाचा बोऱ्या वाजतो. संगणकांतही हेंच घडतें. एईएस मजकुराचे १६ बाइटांचे तुकडे पाडते. ‘सिंधुदुर्ग’ या शब्दाचे ३० बाइट होतात. दोन तुकडे पुरे करण्यास २ बाइट कमी पडतात, तेव्हां पुष्कळदां वापरल्या जाणाऱ्या रीतीप्रमाणें तेथें भर म्हणून दोन बाइट घालतात. याला ‘पॅडिंग’ म्हणतात. उलगडतांना ही भर जागेवर सांपडली नाहीं कीं ‘पॅडिंग चुकीचें’ अशी एरर येते. नवशिका त्या भरीच्याच पाठीस लागतो. वस्तुतः बहुतेक वेळां दोष भरीचा नसतो. किल्ली निराळी असते, किंवा कूटलेख वाटेंत बिघडलेला असतो, अथवा तुकडे एकमेकांस जोडण्याची रीत दोन्ही बाजूंस एक नसते. ताप मोजणाऱ्या नळीवर औषध चोळून रोग जात नाहीं, तसेंच हें.

येथें एक खूण उपयोगी पडते. सीबीसी नांवाच्या जोडणीच्या रीतींत आरंभीं एक यदृच्छ संख्या लागते. तिला ‘आयव्ही’ म्हणतात. उलगडलेल्या मराठी मजकुराचीं पहिलीं पांच-सहा चिन्हें विद्रूप आणि पुढील सर्व मजकूर शुद्ध असेल, तर किल्ली बरोबर असून आयव्ही चुकली आहे असें खुशाल समजावें. कारण तिचा परिणाम पहिल्या १६ बाइटांपुरताच असतो. सर्वच मजकूर विद्रूप असेल तर किल्ली आधीं तपासावी. कूटलेख हा मजकूर नसून नुसते बाइट असतात, हेंही विसरूं नये. ते थेट अक्षरें समजून साठविले तर कांहीं बाइट कायमचे नष्ट होतात. म्हणून ते पाठविण्यापूर्वीं ‘बेस-६४’ या रीतीनें साध्या अक्षरांत उतरवावेत, आणि नक्कल करतांना मागें-पुढें रिकामी ओळ चिकटली नाहीं ना, हें पाहावें.

दोष शोधण्याचा क्रम ठरलेला असावा. प्रथम किल्ली, आयव्ही आणि कूटलेख यांचे बाइट मोजावेत. नंतर ज्यांचीं उत्तरें प्रसिद्ध आहेत अशीं मानक संस्थेचीं नमुना-उदाहरणें चालवून पाहावींत. मग एकाच संगणकावर झांकणें व उघडणें जमतें का तें पाहावें. तेवढें साधल्यावरच दुसऱ्या संगणकाकडे वळावें. हें सर्व खोट्या नांवांवर करावें. मदत मागतांना खरी किल्ली किंवा सभासदांचे खरे तपशील दुसऱ्यास दाखविणें म्हणजे कुलूप दुरुस्त करावयास घरच देऊन टाकणें होय.

आतांपर्यंतचे दोष बोलके होते. संगणक थांबला आणि त्यानें तक्रार केली. अधिक भयंकर ते मुके दोष. त्यांत प्रोग्रॅम बिनबोभाट चालतो आणि गुपित मात्र उघडें पडतें. मराठींत याचें जुनें उदाहरण आहे. महानुभाव पंथीयांनीं आपले ग्रंथ ‘सकळ’, ‘सुंदरी’ अशा सांकेतिक लिप्यांत लिहून शतकानुशतकें जपले. सकळ लिपींत देवनागरीच्या एका अक्षरास ठरलेलें एक चिन्ह येतें. परंतु चिन्ह बदललें तरी अक्षराची वारंवारता बदलत नाहीं. अशा लिपींत वरचेवर येणारें चिन्ह स्वतःच आपली ओळख सांगूं लागतें. आणि विसाव्या शतकाच्या आरंभापासून अभ्यासकांनीं हे ग्रंथ उलगडून वाचले.

संगणकांतील ‘ईसीबी’ ही जोडणीची रीत याच जातीची आहे. सारख्या तुकड्याचा कूटलेख तींत सारखाच येतो. २०१३ सालीं अडोबी कंपनीच्या १५ कोटींहून अधिक नोंदी चोरीस गेल्या. त्यांतील पासवर्ड कूटलेखित होते, पण ईसीबी रीतीनें. आणि पासवर्ड आठवावा म्हणून लोकांनीं दिलेल्या सूचना जवळच उघड्या होत्या. एकच कूटलेख हजारों ठिकाणीं दिसूं लागला, आणि किल्ली हातीं नसतांही लोकांनीं असंख्य पासवर्ड ओळखले. तसेंच, जी संख्या प्रत्येक वेळीं नवी असावयास हवी ती सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन ३ या खेळयंत्राच्या सह्यांत तीच ती वापरली गेली होती. त्यावरून कंपनीची गुप्त किल्ली गणितानें काढतां येते हें २०१० च्या डिसेंबरांत बर्लिन येथें दाखविण्यांत आलें. एरर एकाही प्रसंगीं आली नव्हती.

सर्वांत बोधप्रद कथा डेबियन या संगणक-प्रणालीची आहे. दोष शोधणारें एक साधन ओपनएसएसएलच्या कांहीं ओळींविषयीं इशारा देत होतें. २००६ सालीं तो इशारा थांबावा म्हणून त्या ओळी काढून टाकण्यांत आल्या. इशारा थांबला. परंतु किल्ल्यांना यदृच्छता पुरविण्याचें कामच त्या ओळी करीत होत्या. परिणामीं एका प्रकारच्या व लांबीच्या जास्तींत जास्त ३२,७६८ किल्ल्याच निघूं शकत. त्या सर्व लावून पाहणें संगणकास कांहींच नव्हे. मे २००८ मध्यें हा दोष उघडकीस आला, तोंपर्यंत जगभर असंख्य किल्ल्या अशा रीतीनें तयार झाल्या होत्या, आणि त्या सर्व रद्द कराव्या लागल्या.

म्हणूनच नव्या पद्धतींत कूटलेखाबरोबर त्याच्या शुद्धतेची मुद्राही ठेवतात; ‘जीसीएम’ ही त्यांतली प्रसिद्ध. एक बाइट जरी बदलला तरी मुद्रा जुळत नाहीं आणि लायब्ररी मजकूर देण्याचें साफ नाकारते. मालवणच्या त्या तरुणास ही एरर दिसल्यास मुद्रेची तपासणी बंद करण्याची वाट त्यानें धरूं नये. बाइट कोठें बदलला तें शोधावें. तसेंच जीसीएममध्यें एका किल्लीबरोबर तोच ‘नॉन्स’ पुन्हां वापरूं नये. तेथें लायब्ररी तक्रार करीत नाहीं, पण गुपित आणि मुद्रा दोन्ही धोक्यांत येतात.

शेवटचा दोष असा कीं, त्याला उपायच नाहीं : किल्ली हरवणें. संस्थेचा जुना संगणक मोडींत गेला, प्रोग्रॅम लिहिणारा नोकरीसाठीं मुंबईस गेला, आणि किल्ली त्या एकाच यंत्रांत होती, तर सभासदांचीं खातीं लायब्ररीच्या कर्त्यांनाही उघडतां येणार नाहींत. पद्धति उत्तम असल्याचाच तो पुरावा. याकरितां किल्लीची प्रत निराळ्या सुरक्षित जागीं ठेवावी, आणि त्या प्रतीनें खातें खरोखर उघडतें कीं नाहीं हें वर्षांतून एकदां तरी पाहावें.

एरर हा दारावरचा पहारेकरी होय. तो अडवितो तेव्हां त्याचें म्हणणें ऐकून घेण्यांत वेळ जातो. परंतु त्याचें तोंड बांधून आंत शिरणाऱ्याला, आपल्या मागोमाग आणखी कोण आंत आलें, हें सांगणारा मग कोणीच उरत नाहीं.