ओहोटीची नोंदवही

ओहोटी लागली की मुंबईत हाजी अलीच्या खडकांवर झोआन्थिड या प्रवाळांच्या नात्यातल्या जीवांचे हिरवट गालिचे उघडे पडतात. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’चे स्वयंसेवक शहराच्या किनाऱ्यांवरचे असे जीव टिपून ‘आयनॅचरलिस्ट’ या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवत आले आहेत. हौशी माणसाची ओळख चुकते, हा आक्षेप खराच. पण फोटोसोबत तारीख आणि ठिकाण असलं, तर तज्ज्ञ ती चूक पुढेही सुधारू शकतो. मला खरी अडचण वेगळी वाटते: माणसं सवडीच्या दिवशी, सोयीच्याच किनाऱ्यावर जातात, म्हणून जास्त नोंदी म्हणजे जास्त जीव असं ठरत नाही. त्यासाठी शिस्त लावणारी संस्था हवी. कोकणातल्या वेळास गावी सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था, वनविभाग आणि गावकरी एकत्र आले, तेव्हाच कासवांच्या घरट्यांचा वर्षानुवर्षांचा हिशेब उभा राहिला. पहाटे किनारा पालथा घालूनही घरटं मिळालं नाही, तर तेही लिहायला हवं. एरवी घरटी घटली की फेऱ्या, हे कळणार कसं?